मारिन्स्कीचं बॅले पहिल्यांदा बघताय? पाय सोडा, पाठ बघा

बॅले म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी माहीत असतात, स्वान लेक आणि पायाच्या बोटांवर उभं राहणं. मग यूट्यूबवर क्लिप लावली की नजर सारखी पायांकडे जाते आणि थोड्या वेळात कंटाळा येतो. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरचं बॅले बघायचं असेल तर आधी ही सवय मोडा, कारण त्यांची खरी कमाल कमरेच्या वर असते, पाठ, खांदे, मान आणि हात.

आधी सर्च नीट करा. नुसतं मारिन्स्की टाकलं तर निम्मा खजिना हाती लागणारच नाही, कारण १९३५ ते १९९२ या थिएटरचं नाव किरोव होतं. किरोव म्हणजे लेनिनग्राडचा (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) कम्युनिस्ट पुढारी, १९३४ मध्ये त्याचा खून झाला आणि त्याचं नाव थिएटरला चिकटलं. मूळ नाव दुसऱ्या अलेक्झांडर झारच्या बायकोचं, मारियाचं. थिएटर उघडलं १८६० मध्ये, पण बॅले तिथे मुक्कामाला आलं १८८६ मध्ये. नुरेयेव १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावरून परत गेलाच नाही, माकारोवा १९७० मध्ये लंडनला राहिली, बारिश्निकोव १९७४ मध्ये कॅनडात, सोव्हिएत देश सोडून गेलेले हे सगळे नर्तक किरोवचेच. आणि हो, पोस्टरवर नुसतं 'रशियन बॅले' लिहिलंय म्हणून मारिन्स्की समजून तिकीट काढू नका, ग्रुपचं पूर्ण नाव वाचा.

सुरुवात स्वान लेकने करू नका असं माझं मत. 'ला बायादेर' लावा, आणि त्यातला सावल्यांचा प्रवेश. हे मारियुस पेतिपाने १८७७ मध्ये बसवलेलं, हा माणूस मूळचा मार्सेचा, १८४७ मध्ये पीटर्सबर्गला आला तो तिथलाच झाला. गोष्ट भारतातली आहे म्हणे! निकिया नावाची देवळातली नर्तकी, सोलोर नावाचा योद्धा, फुलांच्या परडीतला साप, फकीर, नाचणारी सोन्याची मूर्ती. आपल्याला हसू येणारच, येऊ द्या, पेतिपाचा भारत हा पीटर्सबर्गमध्ये बसून कल्पिलेला भारत आहे. पण निकिया मेल्यावर सोलोर अफू ओढतो आणि त्याला स्वप्न पडतं, तिथून पुढे हसू थांबतं. उतारावरून पांढऱ्या वेशातली एकेक नर्तकी येते, एका पायावर वाकून दुसरा पाय मागे ताणते, मग मागे रेलून हात वर, दोन पावलं पुढे, परत तेच. मागून दुसरी, तिसरी, असं करत बत्तीस जणी. सगळ्यात पहिली जी येते तिला ही एकच हालचाल सगळ्यात जास्त वेळा करावी लागते आणि तीही उतारावर, तिच्या टेकलेल्या पायाचा घोटा एकदा बघाच. मग मात्र वर या. मागच्या ओळीतल्या कोणत्याही दोघी निवडा आणि त्यांच्या मानेचा कल बघा, कोपर कुठे वाकतंय बघा. सारखंच दिसेल. हे नुसत्या तालमीने येत नाही, बहुतेकजणी लहानपणापासून एकाच शाळेत वाढलेल्या असतात म्हणून येतं.

ती शाळा १७३८ ची, आज वागानोवा अकादमी म्हणतात. अग्रिपिना वागानोवा आधी स्वतः मारिन्स्कीत नाचायची, मग शिकवायला लागली, आणि तिने फ्रेंच लोकांचा मऊपणा आणि इटालियन लोकांची ताकद एकत्र करून शिकवायची पद्धत बांधली, १९३४ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तिचा सगळा भर पाठीवर, उडीपासून बोटांपर्यंत सगळ्याचा उगम पाठीत.

हे कळलं की मग स्वान लेक लावा. १८९५ ची मारिन्स्कीची आवृत्ती पेतिपा आणि लेव इवानोव या दोघांची आहे, तळ्याकाठचे प्रवेश इवानोवचे, आणि मला विचाराल तर जीव तिथेच आहे. ओडेटचे, म्हणजे हंसीण झालेल्या राजकन्येचे, हात बघताना पंजाकडे बघू नका, खांद्याच्या मागचं हाड बघा. हालचाल तिथून निघते, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. ओडेटचं रूप घेऊन राजपुत्राला फसवणाऱ्या काळ्या हंसिणीच्या त्या बत्तीस गिरक्या लोक मोजत बसतात, मोजा हवं तर, पण तो पिएरिना लेन्यानी या इटालियन बाईने आणलेला प्रकार आहे, पीटर्सबर्गची ओळख म्हणून तो धरू नका. शोकांताची अपेक्षा असेल तर शेवट बघून गोंधळू नका, मारिन्स्कीत अजून कॉन्स्तांतिन सेर्गेयेवची १९५० ची आवृत्ती चालते आणि त्यात राजपुत्र ओडेटला हंसीण करणाऱ्या राक्षसाचा पंख उपटतो, सगळं गोड होतं. रेकॉर्डिंग हवं असेल तर उल्याना लोपात्किनाचं २००६ चं शोधा, फार संथ नाचते, काहींना जड जातं, मला आवडतं.

रेकॉर्डिंग निवडताना एक बघा, कॅमेरा लांब आहे का. चेहऱ्याचे क्लोज-अप जास्त असतील तर ते बंद करा, ओळी दिसल्याच नाहीत तर मारिन्स्की बघून उपयोग काय.

फरक कळायला नंतर मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचं 'स्पार्टाकस' बघा, १९६८ चं, ग्रिगोरोविचने बसवलेलं. मोठ्या उड्या, आरडाओरडा करणारं नाट्य, पुरुषांचा दणका. बोल्शोईवाले स्टेज व्यापतात, मारिन्स्कीवाले रेषा सांभाळतात, ढोबळमानाने. पण फार कट्टर होऊ नका, ग्रिगोरोविच स्वतः किरोवमधूनच गेलेला, आणि बोल्शोईची म्हणून जगाला माहीत असलेली नर्तकी गालिना उलानोवा वागानोवाचीच विद्यार्थिनी, १९४४ मध्ये मॉस्कोला गेली.

आणखी खोदायचं असेल तर आना पावलोवा या नर्तकीकडे वळा. तीही याच शाळेची, याच थिएटरची. पुढे स्वतःचा ग्रुप घेऊन जगभर फिरली, भारतातही आली, आणि १९२३ मध्ये तिच्या ग्रुपने चक्क अजिंठ्याच्या चित्रांवर बॅले केलं. उदय शंकरही त्याच वर्षी तिच्याबरोबर राधा-कृष्ण नाचले. तिच्या 'मरणारा हंस' या एकटीच्या नाचाची फिल्म मूक आणि धूसर आहे, वेग जरा विचित्र वाटतो, तरी हात बघा.