मोजे घेतले का?

लहान मुलांना घेऊन देवळं, लेणी, संग्रहालयं बघायला निघताना पाण्याच्या बाटल्या, टोप्या, जादा चड्डी, ओले रुमाल घ्या हे मी सांगत बसत नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत तेवढं कुणालाही पाठ होतं. मोजे घ्या. सुती, जाडसर, प्रत्येक मुलाला दोन जोड.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही ठाण्याहून अंबरनाथचं शिवमंदिर बघायला गेलो. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं देऊळ. थोरलीला आठवडाभर गोष्टी सांगून तयार केलं होतं. आवरता आवरता पोचायला बारा वाजले. चपला काढल्या, धाकटा आवारातल्या दगडांवर चार पावलं धावला आणि त्याने जो टाहो फोडला, तो रांगेच्या शेंड्यापर्यंत ऐकू गेला असेल. तळपाय लालबुंद. मग चौदा किलोचा तो माझ्या कडेवर, थोरली सावलीच्या पट्टीवरून लंगडी घालत, आणि माझे स्वतःचे पाय भाजतायत ते वेगळंच. भिंतींवरची इतकी सुंदर शिल्पं, एकाकडेही धड बघितलं नाही. आता अंबरनाथ म्हटलं की धाकटा म्हणतो, "गरम देवळात नको."

कुणी म्हणेल, मुलं मोजे घालूनच निघतात ना? नाही निघत. देवळात जायचं म्हणून आपण मुद्दाम काढघाल करायला सोपे सँडल घालतो, म्हणून मोजे घरी कपाटात राहतात. ते पिशवीत हवेत, आणि तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात. मोजे आधी, चपला मागून स्टँडवर. फक्त एक: अंबरनाथचा गाभारा मंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि अभिषेकाच्या पाण्याने दगड निसरडा असतो. तिथे उतरण्याआधी मोजे काढा, नाहीतर पोर घसरेल. त्यातूनही ते भिजतातच. दुसरा जोड म्हणून सांगितला.

वेळ सकाळची, आठच्या आत तिथे असाल अशी. ठाण्याहून अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल घ्या, पूर्वेला उतरून रिक्षा. महाशिवरात्रीला लहान मुलांना नेऊच नका. पुण्य मिळेल, पण पोर सापडेल का? श्रावणी सोमवारही टाळा. एरवीच्या गर्दीसाठी मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा. खिशातली चिठ्ठी पहिल्या तासातच कुठेतरी पडते. निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवल्यावर आई भांबावते, शर्ट निळा होता की हिरवा हे आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मुलाला शिकवायचं: हरवलास तर पळायचं नाही, तिथेच उभं राहायचं, आणि पोलीसकाका नाहीतर कडेवर बाळ असलेली बाई दिसली तर तिला सांगायचं. रांगेत शिरण्याआधी शू. "आत्ता नाही आली" हे उत्तर ग्राह्य धरू नका.

रांगेची सवय नसेल तर आधी तलावपाळीजवळच्या कौपिनेश्वराला दोन-तीनदा नेऊन आणा. चपला काढणं, हात धरून उभं राहणं, घंटा एकदाच वाजवणं, सगळ्याची रंगीत तालीम घराजवळ होते. बिनसलंच तर पंधरा मिनिटांत घरी. मोजे तिथेही घालून बघा. काही मुलांना देवळात मोजे घालायची लाज वाटते, ती आधीच मोडलेली बरी.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून लाँचने तासभर, मग जेट्टीपासून लांब चालणं (छोटी गाडी मिळाली तर मुलं खूश), आणि वर जवळजवळ १२० पायऱ्या. केळी, बिस्किटं हातात दिसू देऊ नका, माकडं मुलांच्या हातून ओढतात. लेण्यातल्या त्रिमूर्तीपुढे मुलांना खाली बसवा, मान दुखेपर्यंत वर बघू द्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याला इंग्लंडला न्यायला निघाले तेव्हा उचलताना तो मोडला, तुकडे पुन्हा जोडले. मुलांना मोडलेल्या हत्तीची गोष्ट त्रिमूर्तीपेक्षा जास्त लक्षात राहते, हरकत नाही. तिकडे बुधवारी जाऊ नका, संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग दोन्ही बंद.

संग्रहालयांत पाय भाजत नाहीत, पण नियम एकच: तीन वस्तू ठरवून जा, तीनच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आम्ही पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रं आणि एक मूर्ती, एवढंच धरतो. सगळं बघायला गेलात की दुसऱ्या दालनात "आई, पाय दुखतात" सुरू होतं. मोठ्यांनी पाटी वाचत उभं राहायचं नाही. खाऊ आत चालत नाही, बाहेर पायरीवर भडंग.

परतीला कामाच्या दिवशी पाचच्या आत सीएसएमटी गाठा, त्यानंतर ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मूल घेऊन चढणं म्हणजे... नकोच. फार उशीर झाला तर जेवून रात्री निघा. मुलं झोपतात, उचलून आणा. आणि घरी आल्यावर मोजे धुवून वाळवून त्याच पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा, कपाटात नाही. मी कपाटात ठेवले होते.