हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

वडिलांच्या पश्चात जमिनीच्या कागदांचा विषय निघाला की अनेक घरांत मुलीपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, ठेवले जाते, आणि तेही पुष्कळदा तेरावा उरकताच. लग्न ठरायचे असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला अशा वेळी नाही म्हणणे किती कठीण जाते, हे वेगळे सांगायला नको. परंतु नोंदणी झालेले हक्कसोडपत्र केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो आणि त्या दाव्यालाही साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

म्हणून वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे घरात आधीच स्पष्ट करावे. वारस नोंद तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती देऊन होते. तिच्यासाठी कोणी हक्क सोडण्याची गरज नसते. 'बहिणींनी सह्या केल्याशिवाय सातबाऱ्यावर नावे लागत नाहीत' हे वाक्य कितीही ठामपणे सांगितले गेले, तरी ते खरे नाही. नोंद सर्वांच्या नावे होऊ द्यावी आणि हक्कसोडीचा विचार त्यानंतर सवडीने करावा.

या सवडीत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांच्या नोंदी) काढून जमीन वडिलोपार्जित आहे की वडिलांची स्वकष्टार्जित, तिच्यावर कर्जाचा वगैरे बोजा आहे का, हे पाहावे. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. (मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे वारसा कायदे लागू होतात.) वडील हयात असतील आणि जमीन त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर मुलीला सोडण्याजोगा हक्कच अजून निर्माण झालेला नसतो, तरीही तिची सही मागितली जात असेल, तर का, हे विचारावे.

एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सामान्यतः शेतकरी असावे लागते. स्वतःच्या नावावरची सगळी शेतजमीन सोडणाऱ्या मुलीला पुढे कमावत्या वयात एखादा एकर घ्यावासा वाटला, तर हीच अट आडवी येऊ शकते. भावाच्या प्रेमापोटी हक्क सोडायचा असला, तरी एखाद्या गटातील थोडा हिस्सा स्वतःकडे ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते, आणि त्यात आप्पलपोटेपणा आहे असे मला वाटत नाही.

सोडायचे ठरलेच, तर दस्तात गट क्रमांक, क्षेत्र आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला, हे नेमके लिहून घ्यावे. लग्नाचा खर्च किंवा रोख रक्कम देण्याचे तोंडी कबूल झाले असेल आणि दस्तात मात्र 'विनामोबदला' असे असेल, तर ती रक्कम पुढे मागणे जवळजवळ अशक्य होते. मुद्रांक शुल्क वाढले तरी मोबदला लिहिलेलाच बरा. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या दस्तावर) सही करू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, आणि मसुदा सहीपूर्वीच तेथे दाखवता येतो.