किरणोत्सारी माल रस्त्याने नेताना या चुका टाळा

टाइप बी पॅकेज, म्हणजे जोरदार किरणोत्सारी मालासाठीचं मजबूत खोकं, 9 मीटरवरून आपटून आणि 800 अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवून पारखलेलं असतं. त्यावरचं लेबल भरणाऱ्याला कोणी असं पारखत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी त्या लेबलापासूनच सुरू झाल्या.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे मागच्या खेपेचे आकडे जसेच्या तसे उतरवणं. एकदा रेडिओग्राफीचा कॅमेरा, म्हणजे धातूतले दोष किरणांनी बघण्यासाठीचा, आत किरणोत्सारी सोर्स असलेला डबा, गाडीत चढत होता. लेबल टू-यलो (पिवळ्या लेबलांतलं खालचं; वरचं थ्री-यलो), टीआय म्हणजे ट्रान्स्पोर्ट इंडेक्स, एक मीटर अंतरावरच्या किरणांवरून काढलेला आकडा, 0.6, कागद नीटनेटके. कॅमेऱ्यावरच्या पट्टीवर मात्र सोर्सची तारीख त्याच आठवड्यातली. इरिडियम-192 चा जोर साधारण 74 दिवसांत निम्म्यावर येतो, म्हणजे तो 0.6 आधीच्या, दमलेल्या सोर्सचा. मी किरण मोजायचा मीटर लावला. एक मीटर अंतरावर 12 मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) प्रतितास. त्याला दहाने भागलं की टीआय 1.2. एकच्या वर गेला म्हणजे लेबल थ्री-यलो. भरणारा पोरगा म्हणतो, "सर, डबा तर तोच आहे ना!" डबा तोच होता, हे खरंच.

खेप दोन तास उशिरा सुटली आणि सगळे माझ्यावर वैतागले. वैतागू देत. साध्या खेपेत, म्हणजे गाडी एकाच पाठवणाऱ्यासाठी राखीव नसताना, एका गाडीतल्या सगळ्या टीआयची बेरीज 50 च्या वर जाऊ द्यायची नसते. ती बेरीज शिळ्या आकड्यांवर करायची तर मग करायचीच कशाला?

माझ्या मीटरला बरोबर एक मीटरची सुतळी बांधलेली असते. हसणारे हसतात. पॅकेजच्या सगळ्या बाजूंनी फिरून सर्वांत मोठा आकडा घेतो आणि तो वरच्या दशांशाला नेतो: 1.13 आला तर 1.2. "जवळपास एकच आहे" म्हणत 1.0 लिहिणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय, सरळ लेबल फाडतो. पृष्ठभागावरचं रीडिंग टीआयच्या चौकटीत लिहिणारेही भेटतात. घाईत शिकलेल्यांची ही खूण.

दुसरी चूक, गाडी "पाच मिनिटं" एकटी सोडणं. ड्रायव्हर गाडीत असूनही काय होऊ शकतं, ते मेक्सिकोत डिसेंबर 2013 मध्ये दिसलं. पेट्रोल पंपाजवळ विसाव्याला थांबलेला ट्रक चोरांनी पळवला. आत रुग्णालयातून निघालेला कोबाल्ट-60 चा जुना सोर्स होता. तो नंतर कवचाबाहेर काढलेला, शेतात पडलेला सापडला. म्हणून थांबे मी निघण्याआधीच ठरवतो आणि ड्रायव्हर आणि मदतनीस या दोघांपैकी एक जण गाडीपाशीच राहतो. बाकी शॉर्टकट एकवेळ समजू शकतो, हा नाही.

बांधणीबद्दल थोडंसंच. पश्चिम ऑस्ट्रेलियात जानेवारी 2023 मध्ये सीझियम-137 ची 6 गुणिले 8 मिलिमीटरची कुपी प्रवासातच गेजमधून, म्हणजे मोजमापाच्या यंत्रातून, निसटली. सुमारे 1,400 किलोमीटरच्या वाटेवर शोधाशोध झाली आणि 1 फेब्रुवारीला ती रस्त्याकडेला सापडली. पट्टा आवळलाय, एवढं बघून भागत नाही. आतले नट-बोल्टही बघा.

टू-यलो किंवा थ्री-यलो पॅकेज असेल तर ड्रायव्हर आणि मदतनीस सोडून कोणालाही गाडीत घेऊ नका, मग तो साहेबांचा पाहुणा का असेना. कागद ड्रायव्हरच्या हाताशी हवेत, पॅकेजशेजारी मागे नकोत. मीटरची बॅटरी निघण्याआधी बघा.

राहिला "रिकामा" डबा. सोर्स काढला की लोक डबा तसाच गाडीत टाकतात, पिवळ्या लेबलासकट. अपघात झाला तर आग विझवणारे त्या लेबलापायी लांबच थांबतील. आधी मोजा, जुनं लेबल काढा किंवा झाका. आणि रिकाम्या कॅमेऱ्यावरही काटा हलला तर मीटर बिघडला म्हणून आपटू नका: कवच डिप्लिटेड युरेनियमचं, म्हणजे स्वतःच थोडं किरणोत्सारी असलेल्या धातूचं असेल, तर तो हलणारच.