ओकायामात होमस्टेला जाण्यापूर्वी

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना ओकायामा हे नाव नवे नसते, कारण सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान त्या शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. तिथल्या कुटुंबात राहणे कसे असते, याचा अंदाज मात्र वर्षानुवर्षे वसतिगृहात काढलेल्या मुलांनाही येत नाही. माझ्या अनुभवात खरी अडचण भाषेची नव्हती. घराची शिस्त पक्की असते, पण जपानी यजमान नाराजी तोंडावर बोलून दाखवायला फार संकोचतात, त्यामुळे आपले कुठे चुकते आहे हे आपल्याला कळतच नाही. म्हणून विचारायचे ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे.

सर्वांत आधी जेवणाविषयी बोलावे. शाकाहारी विद्यार्थ्याने अर्जात ‘मांस खात नाही’ एवढेच लिहिले तर ताटात मासा येतो, आणि मासाही वर्ज्य असल्याचे कळवले तरी मिसो सूप समोर येतेच. त्या सुपाचा आधार असलेली दाशी बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांची असते. मासा डोळ्यांना दिसत नसल्याने करणाऱ्या बाईंना ते सूप शाकाहारीच वाटते, आणि यात त्यांचा दोष नाही. माशाची दाशी चालत नाही, मात्र कोन्बु या समुद्री शेवाळाची किंवा शिइताके अळंबीची चालेल, असे नावानिशी लिहावे. अंडी आणि दुधाविषयीही स्पष्ट सांगावे. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन ऱ्योरी’चा उल्लेख केला तर मोठ्या वयाच्या यजमानांना चटकन उलगडा होतो. त्या जेवणात परंपरेने कांदा-लसूणही नसतो, पण कंदमुळे असतात, तेव्हा जैन विद्यार्थ्यांनी ते वेगळे सांगावे.

दुसरा विषय अंघोळीचा. आपण सकाळी अंघोळ करणारी माणसे. तिथे ती बहुधा रात्री असते आणि टबातले गरम पाणी सगळ्या घराला मिळून एकच असते. आधी टबाबाहेरच्या स्टुलावर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचे, फेसाचा थेंबही उरू द्यायचा नाही, आणि मगच टबात शिरायचे. बाहेर आल्यावर बूच काढायचे नाही, झाकण घालायचे, कारण मागून आणखी कोणीतरी येणार असते आणि उरलेले पाणी काही घरांत कपडे धुवायलाही वापरतात. सकाळी शॉवर घेतला तर चालेल का, हे खुशाल विचारावे; आमच्याकडे चालत असे.

चपला दाराशी काढण्याची सवय आपल्याला असतेच. फक्त स्वच्छतागृहाच्या सपाता तिथेच ठेवायच्या असतात आणि तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, कोणत्याच सपाता चालत नाहीत. कचऱ्याचे वार आणि वर्गवारी गावागणिक बदलते. त्याचा तक्ता घरात मागून घ्यावा.

सरकारी कामांत मुक्कामाचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत पालिका कार्यालयात नोंदवावा लागतो. अर्धवेळ कामाला वेगळी परवानगी लागते आणि सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला 28 तासांची असते. हे काम बहुधा संध्याकाळचे मिळते, आणि नेमकी तीच घरातल्या एकत्र जेवणाची वेळ असते. त्यामुळे कामाचे वार ठरताच यजमानांना लिहून द्यावेत, आणि ऐनवेळी उशीर होणार असेल तर स्वयंपाकाला सुरुवात होण्याआधी कळवावे.