नवं लायसन्स, पहिली गाडी: विमा स्वस्तात बसवताना या चुका टाळा

पंचविशीच्या आतल्या चालकाला कारविमा महाग पडतो, हे इंटरनेटवर वाचलेलं वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. ब्रिटनमध्ये ते खरं आहे. तिथे हप्ता चालवणाऱ्या माणसावरून ठरतो आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराला तो ऐकूनच घाम फुटतो. तो वाचवायला आईवडिलांना मुख्य चालक दाखवणं ही तिथे सरळ फसवणूक समजली जाते.

भारतात हप्ता मुख्यतः गाडीवरून ठरतो: मॉडेल, इंजिन, गाडीचं वय, नोंदणीचं शहर. लायसन्स काल मिळालं की वीस वर्षांपूर्वी, याने फारसा फरक पडत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीत जा, आकडा तोच. नव्या चालकाचे पैसे वाचतात किंवा बुडतात ते उरलेल्या भागात, म्हणजे मुख्यतः स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात ('ओन डॅमेज'), आणि तिथे बहुतेक जण नेमक्या चुकीच्या जागी कात्री लावतात.

"गाडी बाबांच्या नावावर आहे ना, मग झालं"

गाडी आणि विमा वडिलांच्या नावावर, चालवते मुलगी. यात गैर काहीच नाही. पक्कं लायसन्स असलेल्या कुणीही मालकाच्या परवानगीने खासगी गाडी चालवली, तरी गाडीचं नुकसान आणि समोरच्याची भरपाई पॉलिसीत बसते. फसगत पुढे होते. पॉलिसीसोबत जो 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो 'ओनर-ड्रायव्हर'चा, म्हणजे आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव त्याचा. स्टिअरिंगवर मुलगी असेल तर तिला त्यातला रुपयाही मिळत नाही. मग थर्ड पार्टीतून? तेही नाही. गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निंगम्मा खटल्यात म्हटलं आहे. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या विम्याकडे मागता येतं. पण आपणच दुभाजकावर चढवली, तर हात रिकामे. जी व्यक्ती रोज गाडी चालवते तिच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. कारच्या हप्त्यापुढे तिचा खर्च किरकोळ असतो.

उलटंही होतं. गाडी आधी घेतली आणि लायसन्स नंतर मिळालं, तर विमा काढताना हा ओनर-ड्रायव्हर भाग लागू नसतो, कारण मालकाकडे लायसन्सच नसतं. पुढे लायसन्स हातात आलं की तो भाग जोडून घ्यायचा असतो. ते कुणालाच आठवत नाही, एजंटलाही नाही.

लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी काढणं तर विम्याच्या दृष्टीने सगळ्यांत महागाची हौस. शेजारी पक्कं लायसन्सवाला नाही, पुढेमागे 'एल' नाही, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला म्हणून समजा. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर कंपनी ती देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. मूल अठराच्या आतलं असेल तर प्रश्न विम्यापुरता राहत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

प्रत्येक ओरखड्याला क्लेम

नव्या चालकाची गाडी पहिल्या वर्षी घासणारच. सोसायटीचा खांब, पार्किंगमधली बाइक, गल्लीतलं वळण. वर्कशॉपमध्ये कुणीतरी म्हणतं, "विमा आहे ना, टाकून देऊ." टाकण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा.

समजा बंपर 4,000 रुपयांचा, मजुरी 1,500. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे उरले 3,500. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये तुमच्या खिशातून. हातात आले 2,500. आता दुसरी बाजू. क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस दर वर्षी 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढत जातो. पहिल्याच वर्षी क्लेम केला की ही शिडी एक वर्ष उशिरा चढायला लागते. पाच वर्षांतला फरक जोडला तर तो ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या हप्त्याच्या निम्मा भरतो. हप्ता 12,000 धरला तर 6,000. गाडी जुनी होते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. पण 2,500 साठी एवढं घालवण्यात शहाणपण नाही. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असेल तर घसाऱ्याचे 2,000 वाचतात, तरीही बेरीज जेमतेमच. क्लेम मोठ्या ठोकरीसाठी राखून ठेवा.

याच कारणाने मला 'व्हॉलंटरी डिडक्टिबल'चा, म्हणजे क्लेमचा काही भाग स्वतः सोसून हप्त्यात सूट घेण्याचा, सल्ला नव्या चालकासाठी पटत नाही. बऱ्याच कंपन्या अजून जुन्याच टॅरिफच्या मर्यादा पाळतात. त्यात 15,000 रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवलीत तरी सूट जास्तीत जास्त 2,500. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) मुद्दाम खाली ओढून हप्ता कमी दाखवणारं कोटेशनही असंच. गाडी चोरीला गेली की कळतं, आपण किती कमी लिहून दिलं होतं.

बोनसबद्दल अजून एक. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. वडिलांची जुनी कार मुलाच्या नावावर झाली, तर बोनस वडिलांकडे राहतो आणि मुलगा शून्यापासून सुरू करतो. फॉर्मवर ठोकून 50 टक्के लिहिले, तर क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडे चौकशी होते आणि सगळंच अडकतं. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की मिळालेला बोनसही जातो.

सेकंडहँड घेताना

पहिली गाडी बहुधा जुनीच असते, आणि "विमा अजून आठ महिने बाकी आहे" हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य. थर्ड पार्टी भाग गाडीसोबत आपोआप येतो. ओन डॅमेज मात्र 14 दिवसांत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. आरसी तुमच्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत ठोकर बसली की दोघांनाही काही मिळत नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर ते आरसीवरही चढलेलं हवं आणि पॉलिसीतही.

शोरूममध्ये गाडी घेत असाल तर तिथलाच विमा घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन काढून समोर ठेवा, आकडा बहुधा हलतो. ॲड-ऑनच्या (जादा कव्हरच्या) लांब यादीतलं बरंचसं सोडता येतं. पण मुंबई-ठाण्यात, चिपळूण-महाडला किंवा सांगली-कोल्हापुरात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट सोडू नका. जुलै 2021 च्या पुरासारख्या पाण्यात उभी असलेली गाडी चावी फिरवून सुरू केली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी इंजिनचा खर्च देत नाही. आधी टो करायचं, नंतर बाकीचं.

आणि गोव्याला जाताना मित्राच्या मित्राकडून भाड्याने घेतलेली पांढऱ्या पाटीची कार? खासगी गाडी भाड्याने दिली की क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. सेल्फ-ड्राइव्हची अधिकृत गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते.

क्लेम नाकारला तर फोनवरच्या उत्तरावर थांबू नका, कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.