शाळेतल्या दादागिरीची पाहणी करताय? या चुका टाळा

'वर्गात कुणी कुणाला छळत असेल तर तू काय करशील?' असं विचारलं की मुलं हमखास लिहितात, 'मी मध्ये पडेन', 'बाईंना सांगेन'. पाहणीतली सगळ्यात मोठी चूक हीच. मुलाने काय केलं ते विचारा. काय करेल ते विचारलं, तर हाती फक्त शहाणी उत्तरं लागतात.

कॅनडात, टोरांटोतल्या शाळांमध्ये डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या संशोधकांच्या गटाने मुलांना वायरलेस माइक लावून मैदानावरचं चित्रण केलं. त्यावरच्या २००१च्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. आणि ती पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला! म्हणूनच हे नीट मोजायला हवं.

प्रश्न असा ठेवा: 'शेवटचं असं पाहिलंस, तेव्हा तू काय केलंस?' पर्यायांत 'हसलो', 'बघत उभा राहिलो', 'निघून गेलो' हवेतच. 'नंतर छळ सोसणाऱ्याजवळ जाऊन बसलो' हाही हवा. पाचवीतलं मूल दांडगटाला अडवू शकेलच असं नाही, पण डबा खाताना शेजारी बसणं त्याला जमतं. सगळ्या बघ्यांना एकाच रकान्यात कोंबू नका. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ मध्येच छळणाऱ्याला साथ देणारे, त्याला चेव आणणारे, सोसणाऱ्याची बाजू घेणारे आणि लांब राहणारे वेगळे मोजले, तेही वर्गमित्रांना विचारून.

छळ सोसणाऱ्या मुलाला 'तुला त्रास होतो का?' एवढंच विचारू नका. 'गेल्या दोन महिन्यांत तुला मुद्दाम खेळायला घेतलं नाही, असं किती वेळा झालं?' असं विचारा. 'मोठ्यांना सांगितलं' यावर खूण झाली, तर पुढे विचारा: कुणाला? नंतर थांबलं की वाढलं? 'तूच काहीतरी केलं असशील' असं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी गप्प बसतं, आणि तुमच्या तक्त्यात ते नुसतंच 'सांगत नाही' म्हणून दिसतं.

मुलं उत्तरं लिहीत असताना वर्गशिक्षकांना बाकांमधून फिरू देऊ नका. कागदावर सांकेतिक क्रमांक असेल तर पाहणी निनावी आहे असं मुलांना सांगू नका. क्रमांकावरून मूल ओळखता येतं, म्हणून ते खोटं आहे. लैंगिक छळाबद्दल कुणी लिहिलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवावंच लागतं. हेही आधीच सांगा आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा.