नाशिकमध्ये संगीत, नृत्य आणि नाटकाचा वार्षिक हंगाम कसा आखावा

नाशिकमध्ये कार्यक्रमांना तोटा नाही, परंतु ते बहुधा सुटे सुटे होतात. एखादे मंडळ दिवाळीत मैफल ठेवते, दुसरे डिसेंबरात नृत्य ठेवते, मुंबईची नाटके आपल्या दौऱ्याप्रमाणे येतात आणि जातात. एखाद्या लहान संस्थेने, गृहसंकुलाच्या सांस्कृतिक समितीने किंवा महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वर्षभराचे सात-आठ कार्यक्रम एकाच सभासद वर्गणीत दिले, तर नाटकासाठी आलेला प्रेक्षक कथकलाही बसतो, आणि गाण्यासाठी आलेला श्रोता प्रायोगिक नाटकही पाहून जातो. हंगाम आखण्याचे खरे कारण हे आहे. म्हणून कलावंतांच्या नावांची यादी करण्यापूर्वी तारखा, सभागृह आणि कार्यक्रमांचा क्रम ठरवावा.

तारखा ठरवताना केवळ सुट्ट्या पाहून भागत नाही. गणेशोत्सवात कार्यकर्ते आणि प्रेक्षक दोघेही मंडपात असतात. पितृपक्षात अनेक घरांतून कार्यक्रमाला जाणे टाळले जाते. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडील वाहतूक वळवली जाते, त्यामुळे भाभानगरातील दादासाहेब गायकवाड सभागृहात त्या दहा दिवसांत कार्यक्रम ठेवल्यास प्रेक्षक वेळेवर पोहोचणे कठीण होते. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरायचे हौद, उघडतात. त्या दिवशी शालिमार परिसरातील नाट्यगृहाची तारीख घेऊ नये. फेब्रुवारीच्या मध्यापासून दहावी-बारावीची घरे बंदच समजावीत. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील सभासद मिळवायचे असतील, तर ऑक्टोबरची द्राक्षछाटणी आणि जानेवारी ते एप्रिलमधील काढणी लक्षात घ्यावी लागते. हे रसिक नाटकावर मनापासून प्रेम करणारे आहेत, पण बागेतले काम त्यांची वाट पाहत नाही. येत्या सिंहस्थाच्या काळात, विशेषतः २०२७ मध्ये, पंचवटी आणि गोदाघाटाच्या परिसरातील तारखा पर्वणीचे, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांचे, वेळापत्रक पाहिल्याशिवाय निश्चित करू नयेत.

सभागृहाची निवड कार्यक्रमाच्या स्वभावावरून करावी. नेपथ्य मोठे असलेले व्यावसायिक नाटक महाकवी कालिदास कलामंदिरातच बसते. महानगरपालिकेच्या या नाट्यगृहाचे नूतनीकरण होऊन ते २०१८ मध्ये पुन्हा खुले झाले. तेथील तारखा मिळवण्यासाठी व्यावसायिक संस्थांचीही चुरस असल्यामुळे अर्ज शक्य तितका आधी द्यावा. परशुराम साईखेडकर नाट्यगृह हे त्याहून लहान असून १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे आहे. हौशी आणि प्रायोगिक नाटकाला प्रेक्षक जवळ असलेला बरा, म्हणून अशा प्रयोगांसाठी ते योग्य ठरते. गंगापूर रस्त्यावरील कुसुमाग्रज स्मारकाचे विशाखा सभागृह अभिवाचन, काव्यवाचन आणि लहान मैफलीसाठी घ्यावे. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पंडित पलुस्कर सभागृह आहे. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीत सर्वसामान्यांपर्यंत नेणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला होता. हंगामातील निदान एक मैफल त्या परिसरात व्हावी, असे मला मनापासून वाटते.

उघड्यावरील कार्यक्रमाचा मोह नाशिकच्या हवेमुळे होतोच. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावरील पटांगणे पाण्याखाली जातात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेथे बसवत नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने वर्षातील ठरावीक दिवशी दिलेली सवलत तेवढी त्याला अपवाद असते. बंद सभागृहाला ही अडचण येत नाही.

आता संगीताविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक आयोजकांचे दुर्लक्ष येथेच होते. आपल्याकडील मैफली जवळजवळ सर्व संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत होतात. प्रत्येक रागाची दिवसातील वेळ परंपरेने ठरलेली असल्यामुळे यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री यांच्या आसपासचे गाणे आपण वर्षानुवर्षे ऐकतो, आणि ललत, भैरव, तोडी, देसकार हे राग प्रत्यक्ष मैफलीत फारसे कानावर पडत नाहीत. दुपारच्या सारंगाची किंवा भीमपलासीची स्थिती याहून वाईट आहे. त्यामुळे हंगामात तीन मैफली असतील, तर एक रविवारी सकाळी साडेसहाला ठेवावी आणि एक दुपारी साडेतीनला सुरू करून मारव्याच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, वेळेपर्यंत न्यावी. तिसरी रात्रीची असावी. दिवाळीच्या पाडव्याला पिंपळपारावर पहाटे गाण्यासाठी जमणारी गर्दी पाहिली, तर नाशिककर लवकर उठत नाहीत ही सबब कोणी सांगू नये. ऋतूचाही विचार व्हावा. ऑगस्टमध्ये मल्हाराचे प्रकार आणि वसंतात बसंत-बहार, अशी विनंती कलावंताला आमंत्रणाच्या वेळीच करावी. मात्र राग ठरवून देऊ नयेत. वेळ आणि ऋतू सांगून निवड त्यांच्यावर सोपवावी.

कलावंताला बोलावताना त्यांचा स्वर, म्हणजे संवादिनीच्या कोणत्या पट्टीत ते गातात, हे विचारून ठेवावे. काळी एकचा तबला आणि काळी चारचा तबला वेगळा असतो, आणि तानपुरे स्थानिक मिळणार असतील तर तेही त्या स्वराला साजेसे हवेत. वातानुकूलन कार्यक्रमाच्या निदान दीड तास आधी सुरू करावे, कारण थंड हवेचा झोत मध्येच सुरू झाला की लावलेले तानपुरे आणि तबले उतरतात किंवा चढतात, आणि ख्याल रंगत असताना कलावंताला पुन्हा वाद्ये मिळवत बसावे लागते. ध्वनिव्यवस्थापकाला चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाची सवय असेल, तर प्रतिध्वनी कमीत कमी ठेवण्यास आणि तानपुरा श्रोत्यांना ऐकू येईल इतपत वर ठेवण्यास स्पष्ट सांगावे.

नृत्यासाठी पहिली चौकशी रंगमंचाच्या जमिनीची करावी. कथकमध्ये तत्काराचा, म्हणजे पायांच्या आघातांचा, नाद हा कार्यक्रमाचाच भाग आहे. लाकडी जमीन हवी; फरशीवर नाद मरतो आणि नर्तिकेच्या गुडघ्यांना त्रास होतो तो वेगळाच. आयोजकांना रंगमंचावर गालिचा अंथरण्याची हौस असते, ती नृत्याच्या दिवशी आवरावी. आदल्या दिवशी स्वतः अनवाणी चालून खिळे, फटी आणि हलणाऱ्या फळ्या पाहून घ्याव्यात. पढंतीसाठी, म्हणजे नृत्याचे बोल तोंडाने म्हणण्यासाठी, स्वतंत्र ध्वनिक्षेपक द्यावा, जमिनीजवळ घुंगरांसाठी दोन ठेवावेत, आणि लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची सतत वाजणारी धून, धरणारी सारंगी किंवा संवादिनी नर्तिकेला रंगमंचावर स्वच्छ ऐकू येते की नाही, हे तालमीतच पाहावे. सोळा मात्रांच्या तीनतालात तिहाई (तीनदा म्हटलेला बोल) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येते तेव्हा लेहराच ऐकू आला नसेल, तर तो दोष तिचा नसतो. पुढच्या रांगेतून पावले दिसत नसल्यास सभासदांना मधल्या रांगा किंवा बाल्कनी घेण्याचा सल्ला द्यावा. भरतनाट्यम् असेल तर पद आणि वर्णम् या अभिनयप्रधान रचनांचा अर्थ मराठीत दोन-तीन वाक्यांत सांगणारा निवेदक असावा. त्याने अर्थ सांगून थांबावे. प्रत्यक्ष वादक परवडत नसल्यामुळे ध्वनिमुद्रित संगीतावर नृत्य होणार असेल, तर त्या संगीताच्या सार्वजनिक वापराचा परवाना आधी घ्यावा.

नाटकाच्या बाबतीत दोन वाटा आहेत. व्यावसायिक नाटक कॉन्ट्रॅक्टवर घेतल्यास निर्मात्याला एकरकमी रक्कम द्यायची आणि तिकिटांची जबाबदारी आपण घ्यायची. रक्कम ठरवताना प्रवास, निवास, जेवण, नेपथ्याची वाहतूक आणि रंगमंच कामगारांचे पैसे कोणाकडे, हे लेखी घ्यावे. मुंबईहून येणारी नेपथ्याची गाडी कसारा घाटात अडकू शकते हे गृहीत धरून, रात्रीच्या प्रयोगासाठी रंगमंच दुपारपासून आपल्या ताब्यात असेल असे पाहावे. दुपारचे सत्र दुसऱ्या कोणाला गेले असेल तर नेपथ्य उभारून प्रकाशयोजना लावायला वेळ उरत नाही, आणि प्रयोग सुरू होण्याची तिसरी घंटा तासभर उशिरा होते. दुसरी वाट स्थानिक नाटकाची आहे. शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते. तेथे हंगाम समितीच्या दोघांनी तरी रोज बसावे, आणि त्यातील उत्तम नाटकाला पुढच्या हंगामात मानधनासह प्रयोग द्यावा. महिनोन्‌महिने तालीम केलेली ही नाटके दोन-तीन प्रयोगांत संपतात, याचे मला फार वाईट वाटते.

नाटकांच्या तारखांना शहरात दोन स्वाभाविक आधार आहेत. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, आणि २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. परीक्षांचा काळ असला तरी या दुसऱ्या तारखेला नाशिककर येतातच. संगीत आणि नाटक यांना जोडणारा दुवा हवा असेल, तर वसंत कानेटकरांचे १९६४ मधील ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक घ्यावे. कानेटकर नाशिकचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. मैफलींचे श्रोते त्यासाठी नाट्यगृहात निश्चित येतात. संपूर्ण प्रयोग न परवडल्यास त्यातील पदे आणि दोन प्रवेश एवढेही पुरते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी लांबणीवर टाकू नये. नवीन संहिता असेल तर संहिता तपासणाऱ्या शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी, आणि प्रयोगासाठी पोलिसांची परवानगी लागते. प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर नाटक, नृत्य आणि संगीताच्या कार्यक्रमांना वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे तिकीट त्या मर्यादेत ठेवणे सोयीचे असते. संपूर्ण हंगामाची वर्गणी एकत्र घेताना तिची प्रतिकार्यक्रम विभागणी कशी दाखवायची, हे सनदी लेखापालाला विचारावे.

वर्गणी ठरवताना सर्व जागा सभासदांना विकू नयेत. सुमारे एक पंचमांश जागा दाराशी तिकीट काढणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, आणि त्यांतील काही संगीत-नृत्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना निम्म्या दरात द्याव्यात. पासावर आसनक्रमांक वर्षभर तोच ठेवल्यास शेजारी बसणाऱ्यांची ओळख होते, पण नृत्याच्या वेळी अडचण येते. म्हणून मी क्रमांक प्रत्येक कार्यक्रमाला बदलते ठेवण्याच्या बाजूचा आहे. सर्वांत लोकप्रिय नाटक पहिल्यांदा ठेवू नये. पहिला कार्यक्रम मल्हाराचा, दुसरा नाटकाचा, तिसरा नृत्याचा आणि मोठे नाटक पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर असावे, म्हणजे मधले कार्यक्रम रिकामे जात नाहीत. कलावंतांचे मानधन त्याच दिवशी, पाकिटात, वादकांसह प्रत्येकाला वेगळे द्यावे. पुढील हंगामाचे अर्ज शेवटच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात वाटावेत. प्रयोग संपल्यावर लोक वाहनतळाकडे धावतात आणि अर्ज तसेच टेबलावर राहतात.